एका कांद्याला भाव नसतो : ‘कंडेन्स्ड मॅटर थिअरी’ म्हणजे नेमकं काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना एका क्वांटम प्रयोगासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्याआधी २०२३ मध्येच केंद्र सरकारने सहा हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली होती. त्यामुळे ‘क्वांटम’ हा शब्द आता नाशिकमध्येही घराघरांत पोचलाय. पण बारावीनंतर इंजिनिअरिंगला न जाता केटीएचएम किंवा आरवायकेमध्ये बीएस्सी फिजिक्सला बसलेल्या मुलामुलींच्या घरी वेगळाच प्रश्न असतो. माझ्यासारख्या फिजिक्स शिकवणाऱ्याला तो हमखास विचारला जातो : “सर, पोरगी म्हणते पीएचडी करायची, तीही थिअरीत. कंडेन्स्ड मॅटर का काय ते. म्हणजे लॅब नाही, यंत्र नाही. मग दिवसभर करणार काय?”

प्रश्न रास्त आहे. कर्करोगावर संशोधन म्हटलं की कळतं, रॉकेट म्हटलं की कळतं. विद्यापीठाच्या एका खोलीत फळा, संगणक आणि चहाचे कप एवढ्यावर चालणारं हे काम मात्र बाहेरून दिसतच नाही. आणि २०२५ चं ते नोबेल प्रयोगाला मिळालं असलं, तरी ज्या पायावर तो प्रयोग उभा होता तो पाया एका बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कागदावर घातला होता. त्याची गोष्ट पुढे येईलच.

आधी नाव

ज्या पदार्थांत अणू-रेणू एकमेकांना खेटून असतात ते सगळं कंडेन्स्ड मॅटर. तांबं, मीठ, काच, पाणी, रबर, मोबाइलच्या पडद्यातला लिक्विड क्रिस्टल. हवा यात येत नाही, कारण तिच्यातले रेणू एकमेकांपासून लांब लांब असतात. आधीच्या पिढीने हाच विषय ‘सॉलिड स्टेट’ या नावाने शिकला; जुन्या रेडिओंवर ती अक्षरं छापलेली असायची. जगभरातल्या भौतिकशास्त्रज्ञांची सर्वांत मोठी जमात याच शाखेत काम करते, पण वर्तमानपत्रात जागा मिळते कृष्णविवरांना. असो.

यातली ‘थिअरी’ म्हणजे असे पदार्थ तसे का वागतात याचं गणित मांडणं. तांब्यातून वीज वाहते, काचेतून नाही. लोखंड चुंबकाला चिकटतं, ॲल्युमिनिअम नाही. अणूंच्या पातळीवर असं काय वेगळं घडतं?

एकाचं गणित सुटतं, मग सगळ्यांचं का नाही?

इलेक्ट्रॉन कसा वागतो याचं समीकरण श्रोडिंगर यांनी १९२६ मध्येच दिलं. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याचं उत्तर कागदावर तंतोतंत निघतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं ते परीक्षेत लिहून येतात. तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, पॉल डिरॅक यांनी स्पष्टच लिहिलं की रसायनशास्त्राला आणि बऱ्याचशा भौतिकशास्त्राला लागणारे मूळ नियम आता हाती आले आहेत, अडचण एवढीच की त्यातून निघणारी समीकरणं सोडवता येण्यापलीकडची आहेत.

किती पलीकडची? बोटाच्या पेरावर मावेल असा एक घन सेंटिमीटर तांब्याचा तुकडा घ्या. त्यात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉनच सुमारे ८५ कोटी कोटी कोटी असतात. ‘कोटी’ तीनदा चुकून पडलेलं नाही. आणि त्यातला प्रत्येक जण बाकीच्या प्रत्येकाला ढकलत असतो.

बरं, इतके नकोत, थोडेच घेऊ. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुणधर्म असतो. तो मोजला की दोनच उत्तरं येतात, वर किंवा खाली. दहा इलेक्ट्रॉनांचं स्पिन मिळून १,०२४ शक्यता होतात. वीस घेतले की दहा लाखांवर, तीस घेतले की शंभर कोटींवर. क्वांटम नियमांची मेख अशी की यातली एक शक्यता निवडून भागत नाही, सगळ्या एकाच वेळी हिशेबात ठेवाव्या लागतात. तीनशे इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचलात की शक्यतांचा आकडा ९१ अंकी होतो. दृश्य विश्वात एवढे अणूही नाहीत, मग संगणकाची मेमरी कुठून आणणार? तीनशे इलेक्ट्रॉनांची ही कथा, तर तांब्याच्या तुकड्याचं बोलायलाच नको.

यावर एक आक्षेप लगेच येतो : उद्या अतिप्रचंड संगणक आला तर हे काम संपलं का? माझ्या मते नाही. त्याचं कारण शोधायला लासलगावला जायला हवं.

लासलगावचा लिलाव

एक कांदा हातात घ्या. त्याचं वजन सांगता येतं, रंग सांगता येतो, कापून पाकळ्या मोजता येतात. त्याचा क्विंटलचा भाव मात्र त्याच्यात कुठेच सापडत नाही. भाव ठरतो बाजार समितीच्या आवारात, ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागल्यावर, व्यापारी एका वाहनावरून दुसऱ्याकडे सरकत बोली लावतात तेव्हा. तो ना शेतकऱ्याच्या खिशात असतो, ना व्यापाऱ्याच्या. पुष्कळांचा एकमेकांशी व्यवहार झाला की तो उगवतो, आणि एकदा उगवला की सगळ्यांना त्याच्यापुढे मान तुकवावी लागते.

घन पदार्थांत असे ‘भाव’ जागोजागी आहेत. एका अणूला तापमान नसतं. एका अणूला कडकपणा नसतो, चकाकी नसते. एका इलेक्ट्रॉनला ‘मी धातूतला’ किंवा ‘मी काचेतला’ असं म्हणता येत नाही. हे सारे गुण समुदायाचे. फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच मुद्दा लावून धरला होता. सगळं काही साध्या मूळ नियमांपर्यंत खाली नेता आलं, म्हणून त्या नियमांपासून वर चढत पुन्हा जग उभं करता येईलच असं नाही. प्रत्येक पायरीवर नवे नियम लागतात आणि ते शोधणं हे खालचे नियम शोधण्याइतकंच मूलभूत काम आहे. अँडरसन यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं ते याच शाखेतल्या कामासाठी.

म्हणून महासंगणकाने उद्या ९१ अंकी यादी छापून दिली तरी काम संपत नाही. बाजारातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वाक्याचं रेकॉर्डिंग हाती आलं म्हणून भाव का पडला हे कळतं असं थोडंच आहे!

आवक कळली की भाव कळतो

वॉल्टर कोहन आणि पिएर होहेनबर्ग यांनी १९६४ मध्ये एक आश्चर्यकारक गोष्ट सिद्ध केली. पदार्थ त्याच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत असेल, तर प्रत्येक इलेक्ट्रॉनची वेगळी कहाणी माहीत असण्याची गरजच नाही. कोणत्या जागी इलेक्ट्रॉनांची दाटी किती आहे, एवढा एकच नकाशा पुरतो. त्यावरून पदार्थाची ऊर्जा ठरते, आणि ऊर्जेवरून पुढचं बरंच काही.

म्हणजे कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याचा कोणता ट्रॅक्टर, हे विसरा. कुठे किती आवक झाली तेवढं सांगा, भाव निघेल. त्यांचा दावा खरं तर याहून धाडसी आहे : आवकेच्या नुसत्या मांडणीवरून निर्यातबंदी लागू आहे की नाही हेसुद्धा ओळखता यावं. भौतिकशास्त्राच्या भाषेत, इलेक्ट्रॉनांची दाटी कळली की अणुकेंद्रं कुठे कशी बसली आहेत हे ठरूनच जातं.

या पद्धतीला डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणतात, मुलांच्या तोंडी ‘डीएफटी’. यासाठी कोहन यांना १९९८ चं नोबेल मिळालं, आणि तेही रसायनशास्त्राचं.

आता गंमत पाहा. दाटीवरून ऊर्जा ठरते हे सिद्ध झालंय, पण ते ठरवणारं अचूक सूत्र आजही कुणाच्या हाती नाही. आहे हे नक्की, कसं आहे ते ठाऊक नाही. तेव्हापासून थिअरीवाल्यांच्या कित्येक पिढ्या त्या सूत्राची जवळपासची रूपं बनवण्यात खपल्या आहेत. कुठलं रूप धातूंना चालतं, कुठलं ऑक्साइडना चालत नाही, यावर परिषदांमध्ये चांगलीच जुंपते.

स्क्रीनवर काय चालतं?

“दिवसभर करणार काय” याचं उत्तर जवळून बघू. एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा पहिला पदार्थ बहुधा सिलिकॉन असतो. लिनक्स टाकलेला लॅपटॉप, त्यावर ‘क्वांटम एस्प्रेसो’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि हाताने टाइप केलेली पन्नासेक ओळींची फाइल. त्या फाइलमध्ये सांगायचं असतं की स्फटिकाच्या एका घटकात दोन अणू आहेत, स्फटिकाच्या घनाची बाजू ५.४३ अँगस्ट्रॉम आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

प्रोग्रॅम आधी इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा एक अंदाज धरतो. त्या दाटीमुळे प्रत्येक इलेक्ट्रॉनवर किती ओढ-ढकल होईल ते काढतो. त्या ओढ-ढकलीत इलेक्ट्रॉन कसे बसतील ते सोडवतो. यातून नवी दाटी निघते, ती आधीच्या अंदाजाशी जुळत नाही. मग दोन्हींचं मिश्रण करून पुन्हा पहिल्यापासून. फेऱ्या मारत मारत जेव्हा धरलेली आणि निघालेली दाटी एकच होते, तेव्हा पडद्यावर ‘कन्व्हर्जन्स हॅज बीन अचीव्ह्ड’ अशी ओळ उमटते. सिलिकॉनला मिनिटही लागत नाही. लोखंडाच्या ऑक्साइडसारखं आडमुठं प्रकरण असेल तर शंभर फेऱ्या मारून प्रोग्रॅम हात वर करतो, आणि विद्यार्थ्याची संध्याकाळ मिश्रणाचं प्रमाण बदलण्यात जाते.

पण बटण दाबलं आणि उत्तर आलं, असं हे काम नाही. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला किमान जी ऊर्जा लागते तिला बँड गॅप म्हणतात. प्रयोगात ती सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. नेहमीच्या वापरातलं डीएफटीचं रूप देतं ०.६ च्या आसपास, म्हणजे जेमतेम निम्मी. दिंडोरी-निफाडच्या शेतांत सोलर पंपाची जी पॅनल्स दिसतात ती याच सिलिकॉनची, आणि सूर्यप्रकाशातला कोणता भाग वीज देणार हे हाच आकडा ठरवतो. एवढा महत्त्वाचा आकडा निम्मा येतो, तो का येतो आणि सुधारायचा कसा, हे माहीत असणं म्हणजे थिअरी येणं. सॉफ्टवेअर चालवता येणं ही त्याची फक्त पूर्वतयारी. दुर्दैवाने आपल्याकडे पुष्कळ प्रबंध या पूर्वतयारीपाशीच संपतात. एक पदार्थ बदलला, आलेख पुन्हा काढले, झाला नवा शोधनिबंध.

अणू दुप्पट केले की अशा गणिताला वेळ साधारण आठपट लागतो. त्यामुळे दोन अणू लॅपटॉपवर, दोनशे अणूंसाठी मात्र पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकाच्या रांगेत नंबर लावावा लागतो.

छेचाळीस वर्षं सुटलं नाही असं कोडं

थिअरीचा दुसरा प्रकार कागद-पेन्सिलीचा. त्याची ताकद दाखवायला अतिसंवाहकतेएवढं चांगलं उदाहरण नाही.

हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात कामरलिंग ओनस यांनी १९११ मध्ये पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तर त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. कमी झाला नाही, गेलाच. अशा तारेच्या वेटोळ्यात एकदा वीज सोडली की बॅटरी काढून घेतली तरी ती फिरतच राहते. हे का घडतं ते मात्र कळेना. आइन्स्टाइन, हायझेनबर्ग, फाइनमन, सगळ्यांनी डोकं लावून पाहिलं.

उत्तर आलं १९५७ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून. जॉन बार्डीन हे ज्येष्ठ प्राध्यापक. ट्रान्झिस्टरसाठी एक नोबेल आधीच खिशात. लिऑन कूपर तरुण संशोधक, आणि रॉबर्ट श्रिफर बार्डीन यांचा पीएचडीचा विद्यार्थी. कूपर यांनी दाखवलं की धातूत दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असूनही जोडी जमवू शकतात. पहिला इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) किंचित आपल्याकडे ओढतो. आयन जड असल्याने त्यांना जागेवर परतायला वेळ लागतो. तेवढ्या वेळापुरता तिथे धन भार साचतो आणि तो दुसऱ्या इलेक्ट्रॉनला खेचून घेतो. आता अशा असंख्य जोड्या मिळून एकच लहर कशी होते, हे लिहायचं कसं? ते सूत्र श्रिफर यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत सुचलं. तिघांना १९७२ मध्ये नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला बार्डीन हा आजवरचा एकमेव माणूस.

१९५७ च्या त्या उत्तरानंतर पाचच वर्षांनी, १९६२ मध्ये, केंब्रिज विद्यापीठातला ब्रायन जोसेफसन हा बावीस वर्षांचा विद्यार्थी असं गणित मांडतो की दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अगदी पातळ थर ठेवला, तर जोड्या तो थर आरपार पार करतील, तेही व्होल्टेज न लावता. बार्डीन यांना ते पटलं नाही, आणि त्यांनी तसं छापून सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाने विरोध केल्यावर विद्यार्थ्याने काय करायचं? काहीच नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी प्रयोग केला, आणि पोरगा बरोबर निघाला. १९७३ मध्ये जोसेफसन यांना नोबेल मिळालं.

क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांचा प्रयोग याच मांडणीवरचा; तिला जोसेफसन सांधा म्हणतात. १९८४-८५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी दाखवलं की हातात धरता येईल एवढ्या मोठ्या परिपथातसुद्धा क्वांटम नियम चालतात : सगळ्या जोड्या मिळून एका कणासारख्या वागतात आणि ऊर्जेचा अडथळा ओलांडून नव्हे, आरपार जातात. आजच्या अनेक क्वांटम संगणकांचा मूळ घटक म्हणजे हाच सांधा. मार्टिनिस यांनी पुढे गूगलचा ५३ क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक) संगणक घडवणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं.

कोडं पूर्ण सुटलं असं मात्र समजू नका. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिसंवाहकता सापडली, आणि १९८७ मध्ये त्याच कुळातला एक पदार्थ उणे १८० अंशांनाच अतिसंवाहक होताना दिसला. त्याला द्रव नायट्रोजन पुरतो, तोच जो कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला पशुवैद्यकीय दवाखान्यात असतो. पण हे पदार्थ १९५७ च्या सिद्धांतात बसत नाहीत. अँडरसन यांच्याबरोबर आपले जी. बास्करन यांनी १९८७ मध्येच एक वेगळी कल्पना मांडली, तिच्यावर अजून वाद चालू आहे. जवळपास चाळीस वर्षं झाली, सर्वमान्य उत्तर नाही. आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बिस्मथ हा धातू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, वर अंशाच्या जेमतेम दोनहजाराव्या भागाएवढ्या तापमानाला अतिसंवाहक होतो असं दिसलं. २०१७ मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन. जोड्या जमवायला माणसंच नाहीत, तरी लग्नं लागतायत. प्रयोग आपला, कोडंही आपलं.

अशुद्धीला न जुमानणारा आकडा

हे थोडक्यात. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी अतिथंड सिलिकॉनच्या उपकरणावर जबरदस्त चुंबकीय क्षेत्र लावलं, आणि आडव्या दिशेचा रोध ठरावीक पायऱ्यांवरच थांबू लागला. पहिली पायरी २५,८१२.८०७ ओहम, पुढच्या तिला २, ३, ४ ने भागून. नमुना स्वच्छ असो की अशुद्ध, आखूड की लांब, आकडा तोच. प्रयोगशाळेत इतकं नेमकं काही मिळतं यावर विश्वास बसू नये.

डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कारण सांगितलं. तो २, ३, ४ म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या लहरींना पडलेल्या पिळांची संख्या. पीळ एक तरी असतो किंवा दोन. सव्वा पीळ नसतो. त्यामुळे थोडीशी घाण त्या आकड्याला हलवू शकत नाही. आज जगभर ओहमचं प्रमाण याच परिणामावरून ठरतं. पुढे या पायऱ्यांच्या मध्ये अपूर्णांकांच्याही पायऱ्या सापडल्या, आणि त्यांचा सुबक उलगडा १९८९ मध्ये राजस्थानात जन्मलेल्या जैनेंद्र जैन यांनी केला. २०२५ च्या वुल्फ पारितोषिकाचे ते एक मानकरी.

‘मग २०२३ चा तो तरंगणारा दगड?’

आठवत असेल. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने ‘एलके-९९’ नावाचा शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा पदार्थ जाहीर केला. दावा असा की साध्या हवेच्या दाबाला, उकळत्या पाण्याहून गरम असतानाही तो अतिसंवाहक आहे. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या खड्याचा व्हिडिओ नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरला.

दहाएक दिवसांत अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेतून डीएफटीचं एक गणित आलं. त्यात या पदार्थात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे काही सपाट पट्टे दिसत होते. असे पट्टे अतिसंवाहकतेला पोषक ठरू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. समाजमाध्यमांनी ‘सिद्ध झालं’ म्हणून गुलाल उधळला. गणित पदार्थ कसा असेल ते सांगत होतं, अणू अगदी ठरवून दिलेल्या जागी बसले आहेत असं गृहीत धरून. प्रत्यक्ष खड्यात काय आहे ते नव्हे.

प्रत्यक्ष खड्यात तांब्याचं सल्फाइड मिसळलेलं होतं. त्याचा रोध सुमारे १०४ अंशांना एकदम खाली येतो, आणि तीच घसरण अतिसंवाहकता म्हणून वाचली गेली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने नमुना बनवला, त्यात अतिसंवाहकता सापडली नाही. जर्मनीत स्टुटगार्टला शुद्ध स्फटिक वाढवले, ते जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले. महिन्याभरात प्रकरण मिटलं. मला यातली न गाजलेली बाजू जास्त मोलाची वाटते : इतक्या कमी वेळात इतक्या देशांतल्या लोकांनी तपासून ‘नाही’ म्हटलं, कारण अशा दाव्यात काय काय तपासायचं हे आधीच्या थिअरीने ठरवून ठेवलेलं होतं.

‘पण सामान्य माणसाला याचा उपयोग?’

नाशिकच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात एमआरआय काढलात तर तुम्ही ज्या बोगद्यात शिरता, त्याच्याभोवती सहसा नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारेची गुंडाळी असते, द्रव हेलियममध्ये बुडवलेली. ट्रान्झिस्टर, एलईडी, हार्ड डिस्क, सगळी याच शाखेची अपत्यं.

तरीही मी उपयोगाचा मुद्दा फार ताणणार नाही, कारण तो अर्धसत्य आहे. १९६२ चं गणित आणि त्यावरचे संगणक यांच्यात पन्नास-साठ वर्षं गेली. अनुदानाच्या अर्जात ‘पाच वर्षांत उपयोग सांगा’ असा रकाना असतो. जोसेफसन यांनी तो प्रामाणिकपणे भरला असता तर कोरा ठेवावा लागला असता. आणि बहुतेक थिअरी कशालाच उपयोगी पडत नाही हेही खरं. कोणती पडेल ते आधी कळत नाही, आणि ही शाखा स्वस्त असल्याने तो जुगार परवडतो.

‘आता एआयच करेल की सगळं’

काही भाग करेलच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने एआय वापरून २२ लाख नवे स्फटिक सुचवले, त्यातले ३ लाख ८० हजार टिकाऊ असतील असा अंदाज दिला. त्यावर जुन्याजाणत्या रसायनशास्त्रज्ञांनी विचारलं की यातले खरोखर नवे किती आणि कामाचे किती. पण मुद्दा दुसराच आहे : ते एआय शिकलं कशावर? डीएफटीच्या गणितांवर. ज्या पदार्थांत डीएफटीच फसते, तिथे तिच्या शिष्याकडून काय अपेक्षा ठेवायची? सिलिकॉनचे आलेख काढण्याची नोकरी मात्र जाईल, आणि गेलेली बरी.

‘नाशिकमध्ये बसून हे होतं का?’

सुरुवात होते. सॉफ्टवेअर फुकट आहे. जगभरचे ताजे शोधनिबंध १९९१ पासून अर्काइव्ह (arxiv.org) या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. एलके-९९ चा दावाही तिथेच आला होता. दोन-चार अणूंची गणितं पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर होतात. जे मिळत नाही ते म्हणजे रोज भेटणारं, ‘हे चूक आहे’ असं तोंडावर सांगणारं माणूस. थिअरीत यंत्राची जागा तेच घेतं, आणि त्यासाठी पुणं, मुंबई, बंगळुरू, चेन्नई, प्रयागराज अशा ठिकाणी जावं लागतं. पंचवटी एक्स्प्रेस आहेच.

वाट अशी : बीएस्सीत रेषीय बीजगणित आणि क्वांटम मेकॅनिक्स खरंखुरं शिकायचं, पाठ करून नव्हे. मग प्रवेशपरीक्षा : एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट, टीआयएफआरची परीक्षा, नेट किंवा गेट. २०२३ पासून जेआरएफची (पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची) रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे फी भरून घरचं विकावं लागत नाही, उलट पगार मिळतो, हे पालकांना आधी सांगायला हवं. पुढचं चित्र तितकं गोड नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं, नंतर बहुधा परदेशात दोन-तीन वर्षांची एक किंवा दोन कामं, आणि कायम प्राध्यापकाच्या जागा मोजक्या. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवताना मी पाहतो. बरेच जण डेटा सायन्सकडे, चिप बनवणाऱ्या कंपन्यांकडे किंवा वित्तक्षेत्राकडे वळतात. मोठमोठी गणितं संगणकावर घालण्याची सवय तिथे विकली जाते.

मुलीने तरीही जायचं ठरवलं तर अडवू नका. एक मात्र करायला लावा. मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध अर्काइव्हवर काढून बघायचे : दर वेळी नुसता पदार्थच बदललाय की प्रश्नही बदललाय? आणि त्यांच्याकडून पीएचडी करून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन करून विचारायचं की चूक दाखवली तेव्हा सर ऐकून घ्यायचे का.